पट्ट्यावरची परीक्षा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

काल दिवसभर तू फोन करत होतास आणि मी घरात असून तो उचलला नाही. यापुढे मला पत्र लिही. फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतोस. पत्रात तुला ते संपेपर्यंत गप्प बसावं लागेल. इतकी वर्षं वर्गच्या वर्ग गप्प बसवले, एक भाऊ तेवढा राहून गेला.

तुझ्या बायकोने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून जे आहे ते सांगते. मी खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि मला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे इको काढला. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावर एक झडप असते, ती माझी कडक होऊन अरुंद झाली आहे. थोडीथोडकी नाही, बरीच.

हे डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे आहेत, पण बोलतात नीट. म्हणाले, "बाई, चालताना दम लागतो? छातीत दुखतं? चक्कर येते?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, त्रास होत असेल तर झडप बदलायला हवी, थांबण्यात धोका आहे. त्रास नसेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. मी म्हटलं, मग थांबू या. यावर विषय संपायला हवा होता. पण ते म्हणतात, पुष्कळांना त्रास होत असतो आणि त्यांना तो कळत नाही. म्हणून मला चालत्या पट्ट्यावर चालवून बघणार आणि रक्तही तपासणार. माझ्या शब्दाला कुणी पुरावा मागितल्याची ही पहिलीच वेळ.

असो. परीक्षा म्हटली की तयारी आलीच. चौकातल्या व्यायामशाळेत दुपारी कुणी नसतं. तिथे जाऊन पट्टा समजून घेतला. तो हळूहळू वेग घेतो आणि पुढून वर उचलला जातो. सगळी गोम पावलं कशी टाकायची यात आहे.

बाकी घर ठीक. पलंग पुढच्या खोलीत हलवला, तिथे उजेड चांगला येतो. भाजी आता टोपली दोरीने खाली सोडून घेते, भाजीवाला निवडून टाकतो. जिन्याच्या वळणावर एक स्टूल ठेवलं आहे. तिथे वारा छान लागतो, मासिक चाळत बसते.

तू इकडे येऊ नकोस. दुकान सांभाळ.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आधी उभ्याने वाचलं. मग एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसून वाचलं. त्याचं कापड अजून लावायचं आहे, स्प्रिंगा टोचत होत्या, तरी उठलो नाही.

तू कुणाला बनवतेस? "वाक्य तोडतोस" म्हणे. पन्नास वर्षं तोडतोय, आता आठवलं होय तुला? आणि ही तयारीची काय भानगड आहे? अगं, ती दवाखान्यातली तपासणी आहे, बोर्डाची परीक्षा नाही. गादीत कापूस दबलाय का ते मी दाबून बघतो, तेव्हा गादीने तयारी करून यावं अशी माझी अपेक्षा नसते. दबलाय तर दबलाय. बदलायचा की नाही ते मग ठरवायचं.

पण तुला सांगून उपयोग काय. बाबा हेडमास्तर, तू त्यांची लाडकी, दर वर्षी पहिली. आपल्या घरात निकालाच्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत शांतता असायची. त्या शांततेत गणिताचा कोरा पेपर देऊन, अर्ध्या तासात परीक्षेच्या हॉलबाहेर पडून, थेट घरी येणारा मी एकटा. बाबा पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तू तेवढी बोलायचीस, तेही सराव करून घ्यायला.

मला साधं सांग, तुला खरंच काही होत नाही ना? आणि मी येऊ का? दुकान कारागीर बघतील. नाही म्हणायच्या आधी एकदा श्वास घे आणि मग लिही.

तुझा धाकटा

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

पास झाले.

पुरं सांगते, नाहीतर तुला झोप लागायची नाही. खोली लहानशी, पांढऱ्या फरशीची, एका कोपऱ्यात पट्टा, भिंतीवर मोठं घड्याळ. छातीवर जागोजागी चिकटपट्ट्या लावून तारा जोडल्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. हे सगळं करणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी निघाली. मागच्या बाकावरची. वहीखाली कादंबरी ठेवून वाचायची, मी तिला वर्गाबाहेर किती वेळा उभी केली त्याचा हिशेब नाही. आता डोळ्याला चष्मा आणि गळ्यात ओळखपत्र. मी आत शिरले तशी खुर्चीवरून ताडकन उठली आणि नंतर बसलीच नाही. मी म्हटलं, "बस." तर म्हणाली, "नको बाई, उभीच बरी आहे."

पट्टा सुरू झाला. पुढच्या दांडीला घट्ट धरलं की पाय हलके होतात, हे मी व्यायामशाळेतच हेरून ठेवलं होतं. ती मुलगी एकदा म्हणाली, "बाई, हात..." मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने नजर घड्याळाकडे वळवली. दर थोड्या वेळाने विचारायची, "बाई, दम? चक्कर?" मी म्हणायची, "नाही." शेवटी पट्टा थांबला तेव्हा खोली जराशी हलल्यासारखी वाटली, पण पट्ट्यावरून उतरलं की सगळ्यांनाच तसं होतं. अहवालात लिहिलं आहे, "तक्रार नाही."

रक्ताच्या तपासणीत मात्र काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. बीएनपी नावाचं एक द्रव्य असतं, ते माझं बरंच जास्त आलं. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, एका विषयात उत्तम आणि दुसऱ्यात नापास असा निकाल लागला की शाळेत आम्ही गुणपडताळणी करायचो. दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा रक्त देते आहे. डॉक्टर हसून म्हणाले, "जरूर द्या. मलाही काही आठवड्यांनी पुन्हा बघायचंच होतं."

यायची गरज नाही. तयारी केली की भीती राहत नाही, हे तुला मी लहानपणापासून सांगत आले आहे.

ताई

२ मार्च

ताई,

मी उगाच चिडलो. पास झालीस हे वाचून दुकानात सगळ्यांना चहा पाजला. तुझ्या भावजयीने तर हुश्श करून पंख्याखाली पाच मिनिटं नुसते डोळे मिटले. मागच्या बाकावरच्या मुलीची मला दया येते. तुझ्यासमोर मीही उभाच राहिलो असतो.

गुणपडताळणीचं वाचून मात्र कपाळाला हात लावला. रक्ताकडे अर्ज करणारी तू पहिलीच असशील. होऊन जाऊ दे तुझ्या मनासारखं. निकाल आला की कळव आणि आता तरी फोन उचल. तुझा आवाज ऐकून किती दिवस झाले. पत्रात तू फार शुद्ध बोलतेस, मला माझी ताई वाटत नाहीस.

धाकटा

२९ मार्च

धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. वाचनालय बदलण्याच्या विचारात होते. ते चढावर आहे आणि तिथली पुस्तकं आता जुनी झाली आहेत. शेवटी बदलायचंही रद्द केलं, घरातलीच पुन्हा वाचते. गच्चीवरच्या कुंड्या भाजीवाल्याच्या हातून समोरच्यांना देऊन टाकल्या. एकटीला एवढी झाडं हवीत कशाला.

गुणपडताळणीत गुण कमी झाले, म्हणजे आकडा आणखी वाढला. पहिल्यापेक्षा बराच. मी सरळ विचारलं, "डॉक्टर, हे रक्त नक्की कशावर चिडलं आहे?" त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं, वर्गात मी काढायची त्याहून वाईट. झडप अरुंद झाली की हृदयाला रक्त बाहेर ढकलायला जोर लावावा लागतो. भिंतीवर ताण आला की हृदय हे द्रव्य रक्तात सोडतं. मी म्हटलं, म्हणजे चुगली करतं. ते म्हणाले, "म्हणा हवं तर. पण नुसत्या आकड्यावर मी काही ठरवत नाही. वयाने तो वाढतो, मूत्रपिंडं बिघडली तरी वाढतो. तुमची मूत्रपिंडं चांगली आहेत. वयाच्या मानाने आकडा खूप आहे, आणि चढतो आहे. पट्टा म्हणतो तक्रार नाही, रक्त म्हणतं आहे. दोन्हीतला एक पेपर नीट तपासला गेलेला नाही."

मग त्यांनी तो पट्ट्याचा अहवाल पुन्हा उलगडला. चालताना रक्तदाब चढायला हवा होता तितका चढलेला नाही म्हणे. मला विचारलं, "दांडी धरली होती?" मागच्या बाकावरची दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग फरशीकडे. मी म्हटलं, "हात टेकवला होता."

त्यांनी दुसऱ्यांदा परीक्षा ठेवली आहे, पंधरा एप्रिलला, या वेळी ते स्वतः समोर उभे राहणार. माझ्यावर पर्यवेक्षक नेमला आहे, मी कुणी कॉपी करणारी असल्यासारखा. इतकी चीड मला कधी आली नव्हती. पण देईन. पुन्हा पास होईन आणि मग हा विषय बंद.

व्यायामशाळेत परत जायला लागले आहे. दांडी न धरता जमतं का बघते.

ताई

४ एप्रिल

ताई,

आता तू गप्प बसायचंस आणि मी बोलायचं. तूच म्हणालीस, पत्रात वाक्य तोडता येत नाही.

तुझी सगळी पत्रं मी कापड कापायच्या टेबलावर ओळीने मांडली आणि लाल पेन्सिल घेतली, तू घ्यायचीस तशी. पलंग पुढच्या खोलीत का आणलास? उजेडासाठी नाही. मागच्या खोलीतून दाराशी यायला तुला दम लागतो. भाजी टोपलीतून, कारण जिना चढवत नाही. वाचनालय चढावर आहे हे तूच लिहिलंस आणि पुढे पुस्तकांवर ढकललंस. कुंड्या दिल्यास, कारण पाण्याची बादली गच्चीवर नेववत नाही. ज्या बाईने एका गुलाबासाठी शेजाऱ्यांशी वर्षभर अबोला धरला, तिने कुंड्या वाटून टाकल्या, आणि मी म्हणे "बरं" म्हणायचं. आणि जिन्याच्या वळणावर वारा लागतो? ताई, मी त्या घरात वाढलोय. त्या वळणावर खिडकी नाही.

मग फोनचं कळलं. मला पत्रं लिहायला लावलीस ते तुझं वाक्य पुरं ऐकावं म्हणून नव्हे. तुला वाक्य पुरं बोलवत नाही म्हणून. फोनवर मला तुझी धाप ऐकू आली असती. हे कळलं तेव्हा मी दुकानाचं शटर ओढून आत बसलो. गिऱ्हाईक बाहेरून वाजवत राहिलं.

तू कुणाला फसवलंस ते तरी बघ. त्या मुलीला डोळ्यांनी दाबलंस. डॉक्टरला खोटं सांगितलंस. बोर्डाच्या परीक्षेत इतकी वर्षं फिरून मुलांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढल्यास, आणि स्वतः दांडी धरून कॉपी केलीस. सापडलीसही, तेही रक्ताच्या हातून, कारण त्याला तू वर्गाबाहेर काढू शकत नाहीस. मी इथून त्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला होता. तुझ्याबद्दल ते मला काही सांगेनात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी एवढंच विचारलं, ज्याला अशा झडपेचा त्रास आहे तो पट्ट्यावर चढला तर? ते म्हणाले, "त्याला आम्ही चढवतच नाही. तो चालता चालता कोसळू शकतो." आणि तू तिथे एकदा चढून आलीस, शिवाय व्यायामशाळेत सराव करतेस, जिथे डॉक्टर सोडाच, दुपारी माणूस नसतो. तुला काय म्हणावं तेच मला कळेनासं झालंय. हात टेकले मी.

आता ऐक. या घरात आजवर तूच मला शिकवलंस. एक गोष्ट मला येते आणि तुला येत नाही, ती मी शिकवतो. नापास व्हायला मला येतं. ते वाटतं तितकं वाईट नसतं. आधीची रात्र वाईट असते, कागदाकडे बघत बसणं वाईट असतं. पण एकदा उठून "मला येत नाही" म्हटलं की पायात बळ येतं. हॉलबाहेर पडलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ चाललो होतो. पुढे बाबा बोलले नाहीत, काका हसले, पण मी मेलो नाही. पुढे गाद्या शिवायला शिकलो आणि बरा शिकलो.

तू पास झालीस तर मरशील, ताई. इतकं साधं आहे ते.

व्यायामशाळेत पुन्हा गेलीस तर मी तिकडे येऊन तिला कुलूप लावीन.

धाकटा

८ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. उत्तर द्यायच्या योग्यतेचं नाही.

ताई

१२ एप्रिल

ताई,

नको देऊस. पण व्यायामशाळेत जाऊ नकोस.

धाकटा

१६ एप्रिल

धाकट्या,

व्यायामशाळेत गेले नाही. तुझ्यामुळे नव्हे, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. तुझ्यामुळेच.

काल सकाळी दवाखान्यात वेळेआधी पोचले. एकेक पायरी, वळणावर बसून, मग रिक्षा. हे तुला आता सांगायला हरकत नाही. त्याच लहान खोलीत गेले. मागच्या बाकावरची उठून उभी राहिली. डॉक्टर यायचे होते. चिकटपट्ट्या लावण्याआधी प्रश्न विचारायचे असतात, ती कागद घेऊन विचारू लागली. "जिना चढताना दम लागतो का, बाई?" विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली कागदाकडे बघत होती. मला कळलं की "नाही" हे उत्तर तिने मनात आधीच लिहून ठेवलं आहे. मला कुणी इतकी घाबरलेली मुलगी दाखवली असती तर तिच्या शिक्षिकेची मी तक्रार केली असती.

मी म्हटलं, "लागतो."

तिने मान वर केली. "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, "बरेच दिवस झाले. आता दोन खोल्यांतही लागतो. गेल्या महिन्यात न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्या दिवशी या पट्ट्यावरून उतरतानाही आली, आणि तुला दांडीवरून मी गप्प केलं, तुझं बरोबर होतं." एवढं बोलायला मला मधे दोनदा थांबावं लागलं. तिने कागद बाजूला ठेवला, खुर्ची माझ्यामागे सरकवली आणि म्हणाली, "बाई, बसा." वर्गात मी तिला कधी असं म्हटलं असेन असं वाटत नाही. मी बसले.

डॉक्टर आले. त्यांनी ऐकून घेतलं, नाडी बघितली, पट्ट्याचं बटण बंद करून टाकलं. म्हणाले, "आता याची गरज नाही. तुम्ही सांगताय आणि रक्त सांगतंय ते एकच आहे." मी पट्ट्यावर चढलेच नाही. कोरा पेपर दिला.

पायात बळ वगैरे काही आलं नाही, तू तेवढं वाढवून लिहिलं होतंस. मी रडले. शाळा सुटल्यावर रडणाऱ्या मुलांना मी खडू आणायला पाठवायची, त्यांना करायला काहीतरी असावं म्हणून. त्या मुलीने मला पाणी आणायला पाठवलं नाही, स्वतःच आणून दिलं.

झडप बदलायची आहे, महिन्याभराच्या आत. मांडीतून नळी घालून की छाती उघडून, ते तपासण्या झाल्या की ठरवणार. मला भीती वाटते, धाकट्या. आजाराची कमी, ऑपरेशनच्या खोलीत आत नेतील त्याची जास्त. नाही म्हटलं की थांबता येतं, एवढ्यासाठी मी नाही म्हणत राहिले. तुला बोलवलं असतं तर आजार खरा ठरला असता.

तू ये. दुकान कारागिरांवर टाक, भावजयीलाही आण, पलंग पुढच्या खोलीत आहे तो तुम्हाला देते. गुलाबाची कुंडी समोरच्यांकडून मागून घ्यायची आहे, ते तू माग, मी त्यांच्याशी बोलत नाही.

आणि हे पत्र मिळालं की फोन कर. उचलीन. मधेच थांबले तर वाक्य तोडू नकोस. दम घेईन आणि पुरं करीन.

तुझी ताई